पहिली दोन मिनिटं

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासरच्या माणसांना एकतीस वर्षांत कळलं नाही, आणि आता निवृत्तीनंतर कळून घ्यायची त्यांना गरज उरली नाही. "लॅबमध्ये आहे" म्हटलं की समोरचा माणूस लगेच आपले रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट काढून दाखवायला लागतो. एका भाऊबीजेला तर नणंदेच्या यजमानांनी सकाळी सकाळी घट्ट झाकण लावलेली एक छोटी बाटलीच माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली नाही, याचा राग त्यांनी पुढे बरीच वर्षं जपला.

माणसाच्या आत काय चाललंय ते आम्ही पाहत नसू. माणूस तोंडात घालतो त्यात काय आहे, ते पाहत असू. आमची प्रयोगशाळा लोणावळ्यात, नांगरगावच्या औद्योगिक वसाहतीत. चिक्की, मध, करवंदाचं सरबत, वडिवळ्याकडचा तांदूळ, बंगल्यांच्या विहिरींचं पाणी, काय वाटेल ते यायचं. एका चिक्कीवाल्यानं शेजारच्या चिक्कीवाल्याची चिक्की गुपचूप तपासायला आणली होती. तिचा निकाल त्याच्या स्वतःच्या चिक्कीशी शेंगदाण्यापर्यंत जुळला. मग कळलं की दोघांचाही माल एकाच भट्टीतून येतो आणि हे फक्त त्या दोघांनाच माहीत नव्हतं. एक गृहस्थ भुशी धरणाच्या पायऱ्यांवर दोन तास वाहत्या पाण्यात बसून आले आणि निघताना त्याच पाण्याची बाटली भरून आमच्याकडे घेऊन आले. "ह्यात काय आहे ते बघा," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या वर बसलेली माणसं." ते परत आले नाहीत.

हे गमतीचं झालं. पण मला लिहायचंय ते माझ्या सहीबद्दल, आणि त्यासाठी थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. घाबरू नका, वीतभर लांबीच्या एका नळीचीच गोष्ट आहे.

ही पोलादी नळी म्हणजे कॉलम. तिच्यात काचेच्या जातीची अतिशय बारीक पूड ठासून भरलेली असते आणि त्या पुडीच्या कणाकणाला तेलकट असा एक थर चिकटवलेला असतो. नमुन्याचा एक थेंब पाणी आणि द्रावकाच्या धारेबरोबर पंपानं ह्या नळीतून ढकलायचा. नमुन्यातले जे पदार्थ स्वभावानं तेलकट, ते पुडीशी गप्पा मारत रेंगाळतात आणि उशिरा बाहेर पडतात. कमी तेलकट, ते लवकर. बाहेर पडणारा प्रत्येक पदार्थ पडद्यावर एक टोक काढतो. आम्ही त्याला इंग्रजीतून 'पीक' म्हणतो, पण मावळात पीक म्हटलं की भात डोळ्यांसमोर येतो, म्हणून इथे शिखर म्हणते. कोणतं शिखर किती मिनिटांनी आलं आणि किती उंच आलं यावरून काय आहे आणि किती आहे ते सांगायचं, खाली सही करायची, शिक्का मारायचा. झाला आमचा धंदा.

अडचण होते ती पाण्याशी सख्य असलेल्या पदार्थांची. साखरा, आम्लं, काही जीवनसत्त्वं, काही औषधं. तेल लावलेल्या ताटलीवरून पाणी ओघळावं तशी ही मंडळी नळीतून कुठेही न थांबता सरळ बाहेर पडतात, सगळी एकदम. त्यामुळे प्रत्येक आलेखाच्या सुरुवातीला एक मोठा, ओबडधोबड उंचवटा येतो. त्यात काय काय आहे ते ओळखता येत नाही. मी नवी असताना कर्णिकबाईंना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, विचारलं होतं, "बाई, हे काय?"

"तो कचरा," कर्णिकबाई म्हणाल्या. "पहिली दोन मिनिटं आपली नाहीत. मोजायला तिसऱ्या मिनिटापासून सुरुवात करायची."

संगणकाला तशी सूचनाच देऊन ठेवलेली असायची, की दोन मिनिटांपर्यंत डोळे मिटून बस. बाई निवृत्त झाल्या, मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तेच वाक्य तशाच ठसक्यात सांगू लागले. सांगताना मला आपण फार अनुभवी असल्यासारखं वाटायचं.

नानावैद्य आमच्याकडे आले ते ह्या माझ्या अनुभवी काळात. बाजारपेठेत चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधे त्यांचं औषधांचं दुकान होतं. पांढरा सदरा, कपाळाला गंध आणि आवाज असा की ऐकूनच निम्मं दुखणं जावं. मधुमेहावरची त्यांची जांभूळबियांची पावडर तेव्हा जोरात होती. पुण्या-मुंबईहून येणारी माणसं चिक्कीबरोबर तिचेही डबे नेत. कोणीतरी शंका काढली होती की ह्यात डॉक्टरांचं औषध मिसळलेलं असणार. नाना त्या शंकेनं दुखावलेले होते.

"बाई, सोक्षमोक्ष लावा," ते म्हणाले. "कण जरी सापडला तरी मी दुकान बंद करीन."

आम्ही तपासलं. अशा पावडरींमध्ये सापडतात ती सात औषधं आमच्या यादीत होती. नमुना लावण्याआधी त्या सातही औषधांचं शुद्ध मिश्रण नळीतून सोडून कोणतं कुठे येतं ते पाहायचं असतं. पाहिलं. सहा शिखरं आली. सातवं, मेटफॉर्मिन, मधुमेहावरचं सगळ्यांत जास्त खपणारं औषध, ते पाण्याशी इतकं मैत्रीत की पहिल्या उंचवट्यातच वाहून जायचं. नोंदवहीत त्याच्यासमोर कर्णिकबाईंच्या अक्षरात जुनी टीप होती: 'सुरुवातीलाच येते, सोडून द्यावे.' ते पकडायची दुसरी पद्धत होती. तिला वेगळी रसायनं लागत, आणि ती वापरली की नळी आठवडाभर इतर कामाला निरुपयोगी व्हायची. हे मला माहीत होतं. माझ्या टेबलावर त्या दिवशी चौदा नमुने होते.

मी सोडून दिलं. अहवालात सातही औषधांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकासमोर 'आढळले नाही' असं टाइप केलं. शब्दशः ते खरंच होतं. जिथे आपण पाहतच नाही तिथे काहीच आढळत नाही. खाली मी झोकात सही केली.

नानांनी त्या अहवालाला सोनेरी चौकट केली आणि तो गल्ल्याच्या वर, धन्वंतरीच्या शेजारी टांगला. मी चिक्की आणायला बाजारात गेले की नाना दुकानातून हात जोडायचे. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. सासरच्यांना न कळलेलं माझं काम निदान एका भिंतीवर तरी लागलं होतं.

आता सुगंधामावशींबद्दल. त्या आमच्याकडे काचसामान धुवायच्या. राहायला जवळच्या कुरवंडे गावात. माझ्याआधी दोन वर्षं लागलेल्या, त्यामुळे प्रयोगशाळेत त्यांचा दर्जा माझ्या वरचा होता आणि तो त्या चालवत. त्यांनी धुतलेली बाटली उजेडात धरली तर आहे की नाही असा प्रश्न पडायचा. शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण धुवायच्या प्रत्येक भांड्यावर, कोणाचं आहे ते कळावं म्हणून, चिठ्ठीवर आमच्या सह्या असत. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या सह्या त्यांना पाठ होत्या.

"मला आक्षर येत न्हाई," त्या म्हणायच्या, "पर तुमची सही येती. त्यो श्येवटाला नागफणीच्या डोंगरावानी सुळका काढता न्हवं तुमी, आंधळ्यालाबी दिसंल."

मावशींना मधुमेह होता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गोळी देत होते. मग एका तपासणीत त्यांची मूत्रपिंडं थकलेली निघाली आणि डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी सुरू केली. दुसरीनं साखर काही उतरेना. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर वाटायची आणि स्वतः बोटही लावायचं नाही, याचं मावशींना फार वाईट वाटे. एक दिवस त्या कामावर आल्या त्या हातात नानांच्या पावडरीचा डबा घेऊन.

"बाजारात गेलते," म्हणाल्या. "त्या वैद्याच्या दुकानात तुमची सही टांगलीया. म्हनलं, बाईंनी बगितलंय म्हंजी काय बगायला नगं."

"घ्या की," मी म्हटलं. नुसतं एवढंच नाही, "झाडपाल्याचं आहे, त्रास काही व्हायचा नाही" हेही वर म्हटलं. ते वाक्य मला आज जसंच्या तसं आठवतं.

साखर उतरली. मावशी खूश, मी खूश. कुरवंड्यात आणखी चार घरांत डबे गेले.

ह्याच सुमारास आमचे मालक साठेसाहेब हैदराबादच्या एका परिसंवादाला जाऊन आले आणि येताना डोक्यात आयनिक द्रव घेऊन आले. साहेब प्रत्येक परिसंवादाहून काहीतरी घेऊन येत. पण ह्या वेळचं खरंच मजेदार होतं. मीठ म्हटलं की आपल्याला खडा आठवतो. ही अशी मिठं असतात की जी साध्या हवेतच पातळ असतात, मधासारखी ओघळतात. ह्या मिठाचा थर जर पुडीच्या कणांना चिकटवला, तर तेलकट थराच्या जागी पाण्याशी सख्य असलेला थर तयार होतो. मग जी मंडळी एरवी धावत बाहेर पडतात ती ह्या नळीत रेंगाळतात आणि एकेक करून बाहेर येतात. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांचा कचरा निवडता येतो.

"विकत मिळते का अशी नळी?" मी विचारलं.

"मिळते. पण आपण करू," साहेब म्हणाले. "लोणावळ्यात तयार झालेली पहिली!" लोणावळ्यात चिक्कीशिवाय काहीतरी तयार व्हावं ही त्यांची जुनी इच्छा होती.

आम्ही आषाढात सुरुवात केली, ही आमची अक्कल. मिठाचा थर पुडीला चिकटवायला मधे जो रासायनिक दुवा लागतो, तो ओलाव्याला बघितलं की बिघडतो. आणि आषाढात लोणावळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, उशी पिळली तर पाणी निघेल अशी हवा. पूड भट्टीत वाळवून बाहेर काढायची की तिनं तेवढ्यात पाणी पिऊन घेतलेलं असायचं. पहिल्या वेळी थर चिकटलाच नाही. दुसऱ्या वेळी चिकटला, पण भरताना नळीत फट राहिली आणि प्रत्येक शिखराला जुळं भावंड येऊ लागलं. साहेब म्हणाले, "बाई, प्रगती आहे." शेवटी मार्गशीर्षात, हवा कोरडी झाल्यावर, दिवसभर उकळवून, धुऊन, वाळवून, जुन्या पंपाच्या जोरावर ठासून मी तिसरी नळी भरली. साखरेचं आणि आम्लांचं मिश्रण सोडलं. पाच पदार्थ घातले होते, पाच शिखरं आली, सुटी सुटी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. साहेबांनी नळीचा फोटो काढला. मग माझा नळीसकट काढला.

आता खऱ्याखुऱ्या, गिचमीड नमुन्यावर तिची परीक्षा घ्यायची होती. वनस्पतीचा अर्क त्याला उत्तम, कारण त्यात पाण्याशी सख्य असलेल्या पन्नास गोष्टी असतात. धुण्याच्या मोरीजवळ खिडकीत मावशींचा डबा होता.

त्या दिवसांत मावशींचं बरं चाललेलं नव्हतं. अन्न नको वाटायचं, मळमळायचं, वसाहतीचा चढ चढून आल्या की बराच वेळ धापा टाकत बसायच्या. मी त्यांना "पित्त असेल" म्हटलं होतं. त्यांच्या काळजीनं मी ती पावडर तपासली असं लिहिलं असतं तर ह्या लेखात मी जरा चांगली दिसले असते. पण तसं नव्हतं. मला नळीची हौस होती आणि डबा हाताशी होता.

तो उंचवटा फुटला. साखरा निघाल्या, आम्लं निघाली. आणि आठव्या मिनिटाला, जिथे जांभळाच्या बीचं काही येण्याचं कारण नव्हतं, तिथे एक शिखर उभं राहिलं. बाकीची सगळी त्याच्या पायथ्याशी. मला माझी सही आठवली.

साठेसाहेबांना स्वतःला मधुमेह. त्यांच्या शर्टाच्या खिशात मेटफॉर्मिनची पाकिटं कायम. मी एक गोळी मागितली. त्यांना वाटलं मलाही सुरू झाला. ती कुटली, विरघळवली, गाळली आणि नळीत सोडली. आठवं मिनिट. मग मावशींच्या पावडरीत ती थोडी मिसळून सोडली. दुसरं शिखर काही आलं नाही. तेच, आठव्या मिनिटाचं, आणखी उंच झालं. पुढे रीतसर शुद्ध औषध मागवून आम्ही खात्री केली, पण मला त्याच दुपारी कळलेलं होतं. मावशींची डॉक्टरांनी बंद केलेली गोळी हीच. थकलेल्या मूत्रपिंडांना ती बाहेर टाकता येत नाही. ती अंगात साठत जाते आणि रक्त आंबायला लागतं. मळमळ, धाप, सगळं त्याचंच.

मी मोरीजवळ गेले. "मावशी, ही पावडर आजपासून बंद. आणि आत्ता उठा, दवाखान्यात जायचंय."

"का ओ? सही हाय की तुमची."

"हा डबा खराब निघालाय," मी म्हटलं. "नवीन मालात गडबड दिसते."

हे मी का बोलले ते सांगते. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग कपाटात राखून ठेवायची पद्धत आहे. ठरलेली मुदत संपली की तो फेकायचा असतो, पण कपाट आवरायचं काम ज्याचं होतं त्यानं ते कधी केलं नव्हतं. तेव्हा नानांची मूळ पावडर अजून कपाटात होती. ती स्वच्छ निघाली, तर माझा अहवाल खरा आणि नानांनी नंतर भेसळ सुरू केली. मावशींना दवाखान्यात पोचवताना, त्यांना गाडीत धाप लागलेली असताना, माझ्या मनात हाच हिशेब चालला होता. दवाखान्यात मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी मावशींना त्याच तासाला पुण्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी राखीव नमुना काढला. नळीत सोडला आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. इतकी वर्षं काम केलं, पण नळीतून काहीही येऊ नये म्हणून देवाची आळवणी मी त्या एकाच दिवशी केली. आठव्या मिनिटाला शिखर आलं.

मला रडू आलं. कसली तरी चूक झाली म्हणून नव्हे, चुका होतात. मी ती होऊ दिली होती म्हणून. सहा औषधं नाहीत म्हणजे सातवंही नसेल असं धरून चालले होते आणि त्या धरून चालण्यावर एका बाईनं आपला जीव ठेवला होता.

साठेसाहेबांनी अहवालाची प्रत मागवली, चष्मा पुसला आणि वकिलासारखी वाचली. "हे बघा बाई, खाली छापलेलंच आहे, 'हा निष्कर्ष वापरलेल्या पद्धतीपुरता मर्यादित.' आणि आपण 'नाही' म्हटलेलं नाही. 'आढळले नाही' म्हटलंय."

"साहेब, तुमची साखर तपासायची सोडून मी 'आढळली नाही' असं लिहून दिलं तर चालेल?"

"जुने अहवाल उकरायला लागलो तर उद्या कोण येईल आपल्याकडे?"

"मावशी पुण्याला आहेत," मी म्हटलं. "काल त्यांचं रक्त यंत्रातून धुतलं."

साहेबांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "सही करतो," शेवटी म्हणाले. "नाहीतर दर जेवणानंतर आठवण येईल." सुधारित अहवाल निघाला. एक प्रत नानांना, एक औषध प्रशासनाला.

नानांची प्रत मी स्वतः घेऊन गेले. त्यांनी ती उभ्यानं वाचली आणि माझ्याकडे असे पाहत राहिले की मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. गल्ल्याखालून एक डबा काढून माझ्यासमोर उघडला. अर्धा संपलेला होता.

"मी स्वतः घेतो," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ. अर्क मी बाहेरून आणवतो, त्याच्यात कोणी काय घातलं ते मला कसं कळणार? म्हणूनच तर तुमच्याकडे आलो होतो."

हे खरं होतं की नाटक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं असेल तर ते जास्त वाईट आहे. मी खुर्चीवर चढून माझी चौकट खाली काढली. भिंतीवर तेवढा भाग गोरा राहिला होता.

दुकान बंद झालं. त्या जागी आता चिक्की मिळते. गावातली गिऱ्हाइकं माझ्यावर चिडली, पण मला अपेक्षित होतं त्या कारणानं नव्हे. एक मास्तर घरी येऊन म्हणाले, "बाई, गुण येत होता हो! आता ती कुठे मिळेल?" मी म्हटलं, "कोणत्याही औषधाच्या दुकानात, नानांपेक्षा स्वस्तात." ते पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "पण त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते." साहेबांनी पुढच्या परिसंवादात आमच्या नळीवर भाषण दिलं. पडद्यावर तो उंचवटा फुटताना दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या म्हणे. खाली लिहिलं होतं, 'एका स्थानिक नमुन्यावरील चाचणी'.

मावशी वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या, अंगानं निम्म्या झाल्या होत्या, आणि कामावर परत आल्या नाहीत. मी कुरवंड्याला गेले तेव्हा त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुनेनं चहा ठेवला. डबा खराब निघाला नव्हता, हे सांगायला मी गेले होते. घरून ठरवून गेलेली वाक्यं सगळी विसरले आणि नुसतंच सांगितलं. पहिल्यापासून औषध होतं. मला दिसलं नाही, कारण मी पाहिलं नाही.

"म्हंजी, तुमी बगितलंच न्हाई?"

"बघितलं. पहिली दोन मिनिटं सोडून."

"ती का सोडली?"

"तशी पद्धत होती मावशी. सुरुवातीला सगळा कचराच येतो, म्हणून."

सून आतून बाहेर आली आणि परत आत गेली.

"मी इतकी वर्सं बाटल्या धुतल्या," मग मावशी म्हणाल्या. "पैली धार मी कदी वतून दिली न्हाई. हातात धरून बगायची. बाटलीत काय व्हतं त्ये पैल्याच धारंत कळतं. मागनं काय, समदं पानीच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी मोरीपातूर येऊन इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की."

मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. चहा घेतल्याशिवाय त्यांनी मला जाऊ दिलं नाही, आणि माझ्या कपात साखर त्यांच्या सुनेनं नेहमीसारखी दोन चमचे घातली होती.

परत आल्यावर मी नोंदवहीतल्या कर्णिकबाईंच्या टिपेवर रेघ मारली आणि संगणकाला दिलेली ती डोळे मिटायची सूचना काढून टाकली. आता तिथे आलेख शून्यापासून वाचतात. जुने अहवाल काढून, ज्यांचे राखीव नमुने सापडले ते सगळे मी निवृत्त होईपर्यंत पुन्हा नळीतून सोडले. आणखी दोन चुकीचे निघाले. ते नमुने आणणाऱ्यांचे पत्ते शोधत मी हिंडले. एकाचा मिळाला, एकाचा नाही. ज्याचा नाही मिळाला त्याच्याबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, पण तो मला आठवतो.

निवृत्त झाल्यापासून मी दर महिन्याला कुरवंड्याला जाते. ह्या वैशाख पौर्णिमेला गेले, तेव्हा मावशींनी पिशवीतून दवाखान्यातून आणलेल्या नव्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावून ते पुढून-मागून, बारीक अक्षरांसकट, पूर्ण वाचलं. नाव, मात्रा, मुदत. मग डॉक्टरांना फोन लावून मूत्रपिंडांचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मावशी हे सगळं शांतपणे बघत होत्या.

"झालं वाचून?"

"झालं. चांगल्या आहेत."

"कुटं तुमची सही तर न्हाई न्हवं ह्येच्यावर?"

"नाही मावशी."

"मंग घेते," त्या म्हणाल्या, आणि पाण्यासाठी सुनेला हाक मारली.